बांधकामावर कंबर वाचवायची असेल तर माल जमिनीवर ठेवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका इमारतीच्या कामावर कंबरदुखीमुळे माणसं वरचेवर घरी बसतायत. कंत्राटदार सगळ्यांना कमरपट्टे द्यायला तयार आहे, शिवाय 'गुडघे वाकवून वजन कसं उचलायचं' याचं तासाभराचं प्रशिक्षण ठेवायचं ठरलंय. एवढ्याने भागेल का, आणि भागणार नसेल तर आणखी काय करायचं?

भागणार नाही. पट्ट्यांचे पैसे तर सरळ वाचवा. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संशोधन संस्थेने दुकानांत माल हलवणाऱ्या हजारो कामगारांवर केलेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. रोज पट्टा बांधणारे आणि क्वचित किंवा कधीच न बांधणारे यांच्या कंबरदुखीत त्यात काही फरक सापडला नाही. मला पट्ट्याची दुसरी भीती जास्त वाटते. तो बांधला की माणसाला उगाच बळ आल्यासारखं वाटतं, आणि मुकादमालाही वाटतं की आता याला दोन पोती जास्त सांगायला हरकत नाही.

प्रशिक्षणाचंही फार वेगळं नाही. वजन उचलण्याच्या प्रशिक्षणावर झालेले अभ्यास एकत्र करून तपासणारा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याचा आढावा 2011 मध्ये आला. नुसतं कसं उचलायचं हे शिकवल्याने कंबरदुखी टळते, याला पुरावा मिळाला नाही. कारण शोधायला लांब जायला नको. जमिनीवरची वस्तू प्रत्येक वेळी पूर्ण खाली बसून उचलायची तर वजनाबरोबर स्वतःचं अख्खं शरीरही दर खेपेला वर आणावं लागतं. पाच-पंचवीस खेपांत मांड्या भरून येतात, दम लागतो. मग माणूस कमरेतून वाकायला लागतो. तो शिकलेलं विसरलेला नसतो, शरीराला त्या क्षणी स्वस्त पडणारा मार्ग त्याने धरलेला असतो. आणि काम उक्तं असेल तर विचारूच नका.

म्हणून मला कुठल्याही साईटवर बोलावलं की मी माणसांआधी माल पाहते. तो कुठे उतरवलाय, किती उंचीवर ठेवलाय, उचलताना हात अंगापासून किती लांब जातात. कंबरेचं काय होणार हे बहुतेक तिथेच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारा माणूस मजूर नसतो.

यामागचं गणित इंजिनियर मंडळींना पटकन पटेल. पाठीच्या मणक्यालगतचे स्नायू मणक्याच्या केंद्रापासून साधारण पाच-सहा सेंटिमीटरवरून ओढतात. हातातलं वजन मात्र पन्नास सेंटिमीटर पुढे असतं. पहारीने दगड उचकटताना जो फायदा आपण घेतो, त्याचा हा उलटा तोटा. 20 किलोचं ओझं अर्ध्या मीटरवर धरलं तर ते तोलायला त्या स्नायूंना 170 ते 200 किलोइतका ताण लावावा लागतो. वाकलेल्या धडाचं वजन त्यात धरलेलंच नाही. हा सगळा दाब दोन मणक्यांमधल्या चकतीवर येतो. ओझं अंगाशी आणून अंतर निम्मं केलं की ताणही निम्मा.

1999 साली जर्मन संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत सेन्सर बसवून प्रत्यक्ष दाब मोजला होता. सरळ उभं असताना तो 0.5 मेगापास्कल (दाबाचं एकक) होता. 20 किलो पाठ गोल करून उचलताना 2.3, गुडघे वाकवून उचलताना 1.7, आणि तेच वजन अंगाशी घट्ट धरून उभं राहिल्यावर 1.1. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लावू नयेत. पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गुडघे वाकवल्याने फायदा होतो, नाही असं नाही. फक्त ओझं जमिनीवरून उचलायची वेळच आली नाही, तर तो याहून मोठा असतो.

निऑशचंच उचलण्याचं एक सूत्र आहे, 1991 मध्ये सुधारलेलं. सगळं काही आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ (हातांचं अंतर घोट्यांपासून 25 सेंमी), उंची साधारण 75 सेंमी, पकड चांगली, अंग न वळवता आणि अधूनमधूनच उचलायचं, तर मर्यादा 23 किलो. परिस्थिती जितकी बिघडेल तितकं त्यातून कापायचं. आता साईटवरचं नेहमीचं दृश्य घ्या: वस्तू जवळजवळ जमिनीवर, हात 15 सेंमी उंचीवर, अंगापासून 50 सेंमी लांब, आणि ती कमरेच्या वर म्हणजे 90 सेंमीपर्यंत न्यायची. सूत्रात हे आकडे घातले की मर्यादा सव्वाआठ किलोच्या आसपास येते. उचलताना अंग 45 अंशांत वळवलं तर सात किलो. मिनिटाला चार वेळा, दिवसभर उचलायचं असेल तर याच्याही निम्म्याखाली. आणि आपण तिथून 50 किलोचं पोतं उचलायला सांगतो.

पोत्याचं आधी संपवते. काही देशांत सिमेंटचं पोतं 25 किलोवर आणलंय, पण 50 किलोचं पोतं अजूनही अनेक ठिकाणी चालतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची वरची सीमा सांगितली होती, तिच्या आत ते बसतं म्हणून कोणाला वावगं वाटत नाही. पण ती सीमा आहे, रोजच्या कामाचं माप नाही. लहान पोतं मिळत असेल तर तेच मागवा. नसेल तर ट्रकच्या हौद्याच्या उंचीवरून पोतं थेट हातगाडीवर किंवा ओट्यावर सरकवता येईल अशी जागा करा. गोदामात खालच्या थराखाली लाकडी फळ्यांची चौकट असतेच, ओलीसाठी. ती वीत-दीड वीत आणखी उंच करायला जास्तीचं लाकूड फारसं लागत नाही. थर छातीच्या वर जाऊ देऊ नका. मिक्सरजवळ त्याच्या तोंडाच्या उंचीचा कट्टा करा. पोतं कट्ट्यावर आडवं ठेवायचं, तिथेच फाडायचं आणि ओतायचं. पोतं खांद्यावर घेऊन मिक्सरच्या तोंडावर झुकणारा माणूस दिसला की समजावं, इथे कट्टा राहिलाय. तयार काँक्रीट किंवा सायलो (सुट्या सिमेंटची उंच टाकी) परवडत असेल तर हा अख्खा परिच्छेद सोडून द्या.

गवंड्याच्या कामात तर हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. अमेरिकेतले फ्रँक गिलब्रेथ स्वतः वीटकाम शिकलेले होते. गवंडी दर विटेला पायापर्यंत वाकतो, म्हणजे काही किलोच्या विटेसाठी स्वतःचं अर्धं अंग खाली-वर करतो, हे त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. त्यांनी विटा आणि माल कमरेच्या उंचीवर ठेवता येईल, आणि भिंत वाढेल तशी वर चढवता येईल अशी परांची बनवली. एका विटेमागच्या 18 हालचाली त्यांनी पाचावर आणल्या. त्यांचा हेतू वेग वाढवण्याचा होता, कंबर वाचवण्याचा नव्हे. तुमचा कंत्राटदार कंबरेच्या गोष्टीने पाघळणार नसेल तर त्याला ही बाजू सांगा. वाकणं वाचलं की वीटकाम वाढतं.

करायचं इतकंच, की गवंड्याच्या बाजूला विटा आणि मालाची पाटी गुडघा ते कंबर या पट्ट्यात हवी. दोन घोडे (फळीखाली ठेवायचे उभे आधार) आणि त्यावर फळी, एवढ्यावर काम भागतं. भिंत गुडघ्याच्या खाली असते तेव्हा आणि खांद्याच्या वर जाते तेव्हा कंबर सगळ्यात जास्त दुखते. पहिल्या टप्प्याला तसा इलाज नाही, तो लवकर उरकावा किंवा दोघांत वाटावा. दुसऱ्या टप्प्याला मात्र परांची वेळेवर वर न घेणं हेच कारण असतं. 'आणखी दोन थर लावून घेऊ, मग चढवू' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी तिथेच उभी राहते.

ब्लॉक निवडताना वजनाकडे बघा. 400 × 200 × 200 मिमीचा भरीव सिमेंट ब्लॉक सुमारे 35 किलोचा असतो. एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे हलका असलेला) 600 मिमी लांब असूनही, बाकी मापं तीच असतील तर कोरडा असताना 15 किलोच्या आसपास. पावसात भिजला की चांगलाच जड होतो, म्हणून तो झाकून ठेवा. हा निर्णय नकाशाच्या टेबलावर होतो. सुरक्षा अधिकाऱ्याला तेव्हा कोणी बोलावत नाही.

सळयांचं तसंच. 12 मीटरची 16 मिमी सळई 19 किलो, 25 मिमीची 46 किलो. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं किलोत वजन, हे सूत्र प्रत्येक इंजिनियरला झोपेत येतं, पण ते बिल काढताना. सळई कोण आणि किती जण उचलणार हे ठरवताना कोणी वापरलेलं मी पाहिलेलं नाही. लांब सळईला माणसं वजनावर ठरवूच नयेत, कारण ती लवते आणि उसळते. मधल्या माणसाने सोडली की टोकाच्याच्या कमरेला हिसका बसतो. दोघांची ताकद म्हणजे दोन ताकदींची बेरीज, हेही खरं नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत दोघांची मिळून क्षमता बेरजेच्या दोन-तृतीयांश धरतात. दोघं किंवा चौघं असले तरी हुकूम एकाचाच. 'उचल' तोच म्हणणार आणि 'ठेव' पण तोच.

आता ज्या कामाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, ते स्लॅबच्या सळया बांधण्याचं काम. हातात हुक आणि तार, वजन म्हणावं तर काहीच नाही. म्हणून हे 'हलकं' काम समजलं जातं. पण माणूस तासन् तास कमरेतून दुमडलेला असतो. पूर्ण वाकलेल्या स्थितीत स्नायू ढिले पडतात आणि धडाचा भार मणक्यामागच्या अस्थिबंधांवर लोंबकळतो. वीसेक मिनिटं असं राहिलं की त्या उती ताणून सैल होतात, आणि उभं राहिल्याबरोबर लगेच आखूड होत नाहीत. अर्ध्या तासानंतरही थोडा सैलपणा उरतो. त्या काळात मणका नीट धरून ठेवला जात नाही. नेमकं तेव्हाच कोणीतरी हाक मारतं, 'अरे, ती प्लेट जरा इकडे घे.' तो उठतो, शटरिंगची, म्हणजे काँक्रीटच्या साच्याची, प्लेट उचलतो आणि तिथेच अडकतो. सगळे म्हणतात प्लेटने कंबर गेली. प्लेट शेवटी आली, एवढंच.

इथे तीन गोष्टी करता येतात. कॉलम आणि बीमच्या जाळ्या शक्य तितक्या खाली जमिनीवर न बांधता घोड्यांवर, कमरेच्या उंचीवर बांधा आणि क्रेनने किंवा होइस्टने (माल वर नेणाऱ्या लिफ्टने) जागेवर न्या. सपाट स्लॅबसाठी लांब दांड्याचं बांधणीयंत्र मिळतं, त्याने उभ्याने गाठ मारता येते. महाग आहे, दर स्लॅबवर ते वापरणार असाल तरच घ्या, एरवी धूळ खात पडेल. तिसरी गोष्ट फुकट आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकायचं, चार पावलं चालायचं, आणि वाकून उठल्याउठल्या जड काही उचलायचं नाही. मला जर एकाच गोष्टीचं प्रशिक्षण द्यायला सांगितलं तर मी हे शेवटचं वाक्य शिकवीन, मजुरांआधी मुकादमाला. फरशी बसवणाऱ्यांनाही हाच नियम.

घमेल्याचं वजन कोणी करत नाही. काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो, म्हणजे लिटरला 2.4. पंधरा लिटर काँक्रीट एका घमेल्यात भरलं तर 36 किलो झालं. ते जमिनीवरून उचलून डोक्यावर चढवण्याचा क्षण सगळ्यात वाईट, एकदा डोक्यावर गेल्यावर भार मणक्याच्या रेषेत येतो आणि कंबरेपेक्षा मानेला लागतो. घमेलं भरण्याची जागा उंचावर घ्या आणि लहान घमेली आणा. 'अर्धंच भरा' असं सांगून भागत नाही. भरणारा वेगळा, उचलणारी वेगळी असते. ती स्त्री असेल, आणि बऱ्याचदा असते, तर आणखी विचार हवा. ब्रिटनच्या सूचनांत अंगाजवळ, कमरेच्या खालच्या पट्ट्यात धरलेल्या वजनाला पुरुषांसाठी 25 किलोचा आकडा आहे, स्त्रियांसाठी 16 चा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ओझ्याचं काम देऊच नये.

एकचाकी हातगाडी घमेल्यापेक्षा कितीतरी बरी, पण तिला वाट लागते. खडी आणि सळयांच्या तुकड्यांतून ती ओढत न्यायची असेल तर माणसं ती दोन दिवसांत टाकून देतात, आणि बरोबर करतात. फळ्या टाकून वाट करा, चाकात हवा ठेवा, आणि ओढण्यापेक्षा ढकलत न्या. कंबरेचा अचानक लचका कैक वेळा ओझ्यामुळे नसून ओझं हातात असताना पाय घसरल्यामुळे भरतो, त्यामुळे वाट साफ ठेवणं हासुद्धा कंबरेचाच उपाय आहे. प्लायची शीट न्यायला ती खालून धरायचा हुक द्या. 8 × 4 फुटी, 18 मिमीची शीट 30 किलोच्या पुढे असते आणि वारा असेल तर एकट्याने नेऊच नये.

उचलण्याची पद्धत अगदीच बिनकामाची आहे असं समजू नका. उंची आणि वजन ताब्यात आणल्यावर तिला अर्थ येतो, आणि तेव्हाही दोनच गोष्टींवर भर द्या. ओझं अंगाला लागलेलं हवं. आणि वळायचं ते पावलांनी, कंबरेतून नाही. फावड्याने माल मागे फेकणाऱ्याला ही दुसरी गोष्ट रोज सांगावी लागते. गुडघे किती अंशांत वाकले यावर वाद घालत बसू नका.

सकाळच्या कवायतीबद्दल विचारणा हमखास होते. तिने दुखापत टळते असं मी छातीठोक सांगणार नाही. तिच्या निमित्ताने मुकादमाला कोण लंगडतंय, कोण कण्हतंय हे दिसतं, एवढ्यासाठी मला ती आवडते. सकाळची खरी गोष्ट वेगळी आहे. रात्री आडवं झाल्यावर मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. दिवसभरात उंची साधारण एक टक्का घटते, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासात होते. फुगलेली चकती वाकताना जास्त ताण घेते. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळचे पहिले तास वाकणं टाळलं तर दुखणं कमी झालेलं दिसलं. मजूर साईटवरच राहत असतील आणि उठल्यावर अर्ध्या तासात सिमेंटचा ट्रक रिकामा करायला लागत असतील, तर ट्रकची वेळ बदला. ज्यांना उठून दोन तास झालेत त्यांना हा मुद्दा तितकासा लागू नाही.

रोलर, डंपर, एक्स्कॅव्हेटर चालवणारे काही उचलत नाहीत, तरी त्यांची कंबर दुखते, ती सबंध शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांनी. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशात आठ तासांच्या सरासरीला 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही उपाय सुरू करण्याची पातळी आहे आणि 1.15 ही कमाल. मोजायचं यंत्र नसेल तर सीट बघा. स्प्रिंग बसलेली, फोम गेलेला, वजनाप्रमाणे लावायचा खटका गंजलेला असेल, तर पुढचं काही मोजायला नको. साईटचा रस्ता सपाट करणं आणि वेग कमी ठेवणं याने हादरे सगळ्यात जास्त घटतात. आणि ऑपरेटरने केबिनमधून उडी मारून उतरायचं नाही. तासभर हादरे खाल्लेल्या मणक्यावर ती उडी फार महागात पडते.

इतकं करूनही कोणाची तरी कंबर धरेल, आणि तेव्हा काय करता यावर ती आठवड्यात सुटते की वर्षभर रेंगाळते हे बरंचसं ठरतं. बहुतेक साधी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पडून राहण्याने ती लांबते, म्हणून सोसेल तितकं हिंडतं-फिरतं राहू द्या. दुखतंय हे पहिल्याच दिवशी सांगितल्याबद्दल कोणाची हजेरी कापू नका, नाहीतर माणसं गोळ्या खाऊन गप्प राहतात आणि कंबर पुरती अडकल्यावरच कळवतात. लगेच एमआरआयच्या मागेही लागू नका. काहीही न दुखणाऱ्या वीस वर्षांच्या मुलांतही दहातल्या तिघांना चकती फुगलेली दिसते, आणि तो रिपोर्ट हातात आला की धडधाकट माणूस स्वतःला अपंग समजायला लागतो. मात्र लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. उंचावरून पडल्यानंतरचं दुखणं आणि तापासोबतचं दुखणंही थांबवून ठेवायचं नाही.

कामावर परतल्यावर दोन-तीन आठवडे हलकं काम द्या, पण कोणतं ते नीट ठरवा. बऱ्याच साईटवर हलकं काम म्हणजे एका कोपऱ्यात खाली बसवून सळयांच्या रिंगा वळायला लावणं, आणि आखडलेल्या कंबरेला त्याच्यासारखं वाईट काही नाही. त्यापेक्षा पाइपने भिंतींना पाणी मारणं, गेटवर आलेल्या मालाची नोंद ठेवणं, होइस्टला खूण देणं अशी उभ्याची, मधूनमधून चालायला लावणारी कामं द्या. आणि आठवड्यागणिक किती वजन उचलायचं हे मुकादमाच्या अंदाजावर न सोडता त्याच्या हजेरीच्या वहीत किलोमध्ये लिहून ठेवा.